परत आलेल्या मेलचं काय करायचं?

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून दर मंगळवारी आणि शुक्रवारी हवामानावर आधारित कृषी सल्ला निघतो. गंगाखेड तालुक्यातल्या राणीसावरगावात आणि आसपासच्या वाड्या-तांड्यांवर तो ई-मेलच्या यादीवरून पाठवायचा ठरवला तर काय काय होईल, यावर हा संवाद रचला आहे. बोलणारे दोघंही गावचेच. एकाची उमर टपालखात्यात गेली आणि दुसरी ही यादी चालवते. यादी कल्पित आहे, तिच्या अडचणी मात्र खऱ्या आहेत.

शंकेखोर : ताई, सरळच विचारतो. गावात घरटी एक तरी व्हॉट्सअ‍ॅप आहे. सल्ला आला, ग्रुपवर टाकला, काम संपलं. मग हा ई-मेलचा घाट कशासाठी? तुम्ही एक मेल सोडता आणि पाठोपाठ परत आलेल्या मेलांचा ढीग पडतो. जे पोचतात, त्यांतल्या निम्म्यांची अटॅचमेंट उघडत नाही म्हणून लोक तुम्हालाच फोन करतात. टपालात आम्ही परत आलेलं पत्र म्हणजे आपलं अपयश मानायचो. त्या पत्रावर कुणीतरी पैसे खर्च केलेले असायचे, कुणीतरी वाट बघत असायचं. तुमच्याकडे दर मंगळवारी आणि शुक्रवारी अपयशाचा ढीग साठतो आणि तुम्ही त्याला पद्धत म्हणता.

कैवारी : मास्तर, परत येतं हेच तर मला हवं आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर जे पोचत नाही, ते पोचलं नाही हेसुद्धा धड कळत नाही. ब्रॉडकास्ट करायला गेलं तर 256 नावांची मर्यादा, आणि ज्यानं माझा नंबर आपल्या फोनात साठवलेला नाही त्याला तो संदेश मिळतच नाही. मला कुणी कळवत नाही की अमक्याला मिळाला नाही. ग्रुप केला तर प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. बचत गटातल्या बाया मला काय म्हणाल्या? शेत आमच्या नावावर आहे, सल्ला आम्हाला पाहिजे, पण नंबर चारचौघांत जायला नको. ई-मेलच्या यादीत कुणाला कुणाचा पत्ता दिसत नाही. आणि मेल पोचला नाही तर तो कारण सांगून परत येतो. ही सोय आज-काल कुणी जोडलेली नाही. ई-मेलच्या देवाणघेवाणीचे नियम 1982 साली लिहिले गेले, तेव्हाच ती त्यात होती. पाकिटावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता वेगळा आणि आतल्या कागदावरचा वेगळा, ही तुमच्या टपालातली गोष्ट तिथंही आहे. परतीचा मेल पाकिटावरच्या पत्त्याला येतो. आणि परतीचाच मेल पाठवताना ती जागा कोरी ठेवायची, म्हणजे परतीची परत, तिची परत असं चक्र सुरू होत नाही, हाही नियम त्यातच आहे.

शंकेखोर : नियम चांगला असेल, पण वाचणार कोण? आमचा पोस्टमन पाकिटावर एक ओळ लिहायचा : पत्ता अपुरा, घर बंद, घेण्यास नकार, गाव सोडून गेला. खाली तारीख आणि सही. शाळेतलं पोरगंही ती ओळ वाचू शकायचं. तुमच्या मशीनचं पत्र पानभर इंग्रजीत येतं. वर कुठल्या कुठल्या सर्व्हरांची नावं, मध्ये कारण, खाली तुमचाच मेल पुन्हा चिकटवलेला. एकदा तर मी स्वतः पाहिलं, परत आलेल्या मेलात जो पत्ता होता, तो तुमच्या यादीत शोधूनही सापडेना. ज्याला पाठवलंच नाही त्याच्याकडून मेल परत आला, हे कसलं टपाल?

कैवारी : त्याचं कारण साधं आहे. आपल्या यादीतल्या कुणीतरी आपला जुना पत्ता नव्या पत्त्याकडे वळवून ठेवला होता, आणि तो नवा पत्ता बंद पडला. परतीच्या मेलात नव्याचं नाव आलं, आपल्या यादीत जुनं. यावर उपाय निघालेला आहे. 1997 साली डॅनियल बर्नस्टाइन या संगणकतज्ज्ञानं तो मांडला. प्रत्येक सभासदासाठी पाकिटावरचा परतीचा पत्ता वेगळा लिहायचा, त्यातच त्या सभासदाची खूण गुंफायची. मग आतला मजकूर काहीही असो, मेल कोणत्या दाराशी परत आला यावरूनच कळतं की तो कुणाचा. यादी चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय असते; पुष्कळदा ती चालू करायचीच राहते. आणि पानभर इंग्रजीचं म्हणाल, तर त्यातला एकच आकडा बघायचा असतो. तीन भागांचा, मध्ये टिंब. पहिला अंक 4 असेल तर तात्पुरती अडचण, 5 असेल तर पक्का नकार. 5.1.1 म्हणजे या नावाचा इथं कुणी नाही. 5.2.2 म्हणजे पेटी भरली. 5.3.4 म्हणजे मेल फार मोठा आहे. 5.7.1 म्हणजे पत्ता बरोबर आहे, पण आम्ही तुमचा मेल घेणार नाही. तुमच्या पोस्टमनचे शेरे आणि हे आकडे एकास एक जुळतात. आठवड्याभरात माणूस ते वाचायला शिकतो.

शंकेखोर : एकास एक जुळत नाहीत, ताई. आमचा शेरा लिहिणारा त्या दारापर्यंत गेलेला असायचा. ‘गाव सोडून गेला’ असं लिहिण्याआधी त्यानं शेजारच्याला विचारलेलं असायचं. पुष्कळदा शेजारीच नवा पत्ता सांगायचा, मग पत्र परत न येता पुढं जायचं. 1972 सालच्या 15 ऑगस्टला पिनकोड सुरू झाला. तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपलेच, मराठी माणूस, संस्कृतचे पंडित. त्या सहा अंकांनी पत्र योग्य पोस्टापर्यंत आणून सोडलं, पण पोस्टापासून दारापर्यंतचं काम वेलणकरांनी आकड्यांवर सोपवलं नाही. तिथं माणूसच राहिला. तुमचं 5.1.1 सांगतं की या नावाचा इथं कुणी नाही. तो गेला कुठं, हे विचारायला तिथं कोण आहे?

कैवारी : बरोबर. म्हणून मी त्या आकड्याला निकाल मानत नाही, विचारपूस कुठून सुरू करायची एवढंच त्यावरून ठरवते. बघा, आपल्याकडे 5.1.1 का येतं? फोन घेताना दुकानदारानं खातं उघडून दिलेलं असतं. पासवर्ड त्यानं टाकलेला, तो कुणालाच आठवत नाही. फोन फुटला की नवा फोन, नवं खातं. जुनं तसंच पडून राहतं. डिसेंबर 2023 पासून गूगलनं असा नियम लावला की दोन वर्षं ज्या खात्यात कुणी शिरलं नाही ते काढून टाकता येईल. म्हणजे आज जो पत्ता चालतोय असं वाटतं, तिथं मेल आत पडतोय आणि वाचणारा कुणीच नाही, असंही असू शकतं. दोन वर्षांनी तो परत येईल तेव्हा आपल्याला कळेल. आता 5.2.2 चं बघा. गूगलच्या फुकट खात्यात 15 जीबी जागा, मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून. 1 जून 2021 पासून नवे फोटोही त्यातच मोजले जातात, आणि 2024 पासून अँड्रॉइड फोनवरचा व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही. ग्रुपवर येणारे गुड मॉर्निंगचे फोटो आणि लग्नाचे व्हिडिओ आपोआप त्या जागेत जाऊन बसतात. पेटी भरली की मेल बंद. त्या माणसाला सल्ला नको असतो असं मुळीच नाही. त्याची पेटी भरली आहे हेच त्याला माहीत नसतं. मी फोन करून सांगितलं की पोरगं येतं, दोन व्हिडिओ पुसतं आणि पुढच्या मंगळवारी मेल पोचतो.

शंकेखोर : म्हणजे शेवटी फोनच करावा लागतो. बरं, तो भाग नंतर घेऊ. अटॅचमेंटचं काय? माझी खरी तक्रार तिथं आहे. शुक्रवारचा सल्ला पुढच्या पाच दिवसांचा असतो. फवारणी करायची की थांबायचं, पाऊस कधी येईल, हे त्यात असतं. तो सोमवारी मिळाला तर रद्दी. आणि तुमच्याकडे एखादवेळी तो खरोखर सोमवारी मिळतो.

कैवारी : तो कुठं अडतो ते एकेक पाऊल मागं जाऊन बघावं लागतं. समजा सल्ला दोन पानांचा आहे. कुणीतरी तो टाइप केला, छापला, त्यावर सही घेतली, मग स्कॅन केला. अक्षरं संपली, चित्र उरलं. 3 एमबीची पीडीएफ झाली. ई-मेल मुळात साध्या इंग्रजी अक्षरांसाठी बांधलेला. 1992 साली नथॅनियल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी चित्रं-आवाज त्यातून नेण्याची पद्धत बसवली, तेव्हा त्यांनी ती जुनी वाट मोडली नाही. फाइलचे दर तीन बाइट घ्यायचे आणि चार साध्या अक्षरांत लिहायचे. त्यामुळं 3 एमबीची फाइल वाटेत 4 एमबीहून जास्त होते. म्हणूनच जीमेलची 25 एमबीची मर्यादा असली तरी खरी फाइल 18 च्या आसपासच जाते. आता यादीकडे या. ग्नू मेलमॅन नावाचं सॉफ्टवेअर पुष्कळ ठिकाणी वापरतात. त्याच्या 2.1 आवृत्तीत मूळ मर्यादा 40 केबी आहे. त्याहून मोठा मेल आला की तो सभासदांकडे जातच नाही, यादी चालवणाऱ्याच्या मंजुरीसाठी अडवून ठेवला जातो. चालवणारी बाई शनिवार-रविवार बाहेरगावी असली तर सल्ला दोन दिवस तिथंच. म्हणून पहिलं काम हे की अडवलेल्या मेलांची जागा उघडून बघायची. निम्म्या वेळा ‘अटॅचमेंट गेली नाही’ या तक्रारीचं उत्तर तिथंच पडलेलं असतं.

शंकेखोर : मर्यादा वाढवा की मग.

कैवारी : वाढवता येते, पण मग 4 एमबी गुणिले सगळे सभासद, आणि प्रत्येकाच्या त्या 15 जीबीतून कापलं जाणार. पेटी भरण्याचं पाप आपल्याच माथी. त्यापेक्षा सल्ला मेलच्या अंगातच लिहावा. दोन पानांचा मराठी मजकूर म्हणजे साधारण चार हजार अक्षरं, युनिकोडमध्ये एका अक्षराला तीन बाइट धरले तरी 12 केबी. वाटेत फुगून 16. चाळीसच्या खूप आत. उघडायला काही लागत नाही, फोनवर अक्षर मोठं करून वाचता येतं, आजोबांना वाचून दाखवता येतं. मी तर म्हणते, अटॅचमेंटची पहिली दुरुस्ती म्हणजे ती लागते का हे स्वतःला विचारणं.

शंकेखोर : हे शहाणपण पुण्या-मुंबईच्या संपादकांना सांगा. मी अशा फाइली पाहिल्यात, फोनवर उघडल्या की मराठीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. सल्ल्यात लिहिलेलं असतं, कामगंध सापळ्यात सलग 3 रात्री 8 पतंग आले तर फवारणी करा. वाचणाऱ्याला दिसतो कचरा. तो म्हणतो, फोन बिघडला.

कैवारी : तो कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टचा प्रकार. मराठी छपाईचा संसार त्यांनी कित्येक वर्षं चालवला, त्यांचे उपकार आहेत. पण त्या जुन्या पद्धतीत फाइलीत इंग्रजीचाच संकेत साठवलेला असतो आणि फॉन्ट त्याच्यावर मराठी आकार चढवतो. आपल्या फोनात तो फॉन्ट नाही, त्यामुळं आकार चढत नाही. पीडीएफ करताना फॉन्ट आत बसवला तर दिसायला नीट दिसतं, पण त्यातून शब्द शोधता येत नाही, उचलून मेलमध्ये टाकता येत नाही. युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधनं आहेत. ती वापरून एकदा डोळ्यांखालून घालायचं, विशेषतः जोडाक्षरं आणि आकडे. आठाचा तीन झाला तर शेतकऱ्याचं नुकसान. अजून एक बारीक गोष्ट, फाइलीचं नाव. ‘हवामान सल्ला’ असं देवनागरीत नाव दिलं की ती अकरा अक्षरचिन्हं 33 बाइट घेतात. मेलच्या डोक्यात लिहिताना प्रत्येक बाइटसाठी टक्क्याचं चिन्ह आणि दोन अक्षरं, म्हणजे 99 झाली. नवी सॉफ्टवेअरं ती नीट जोडतात. जुनी मध्येच तोडतात, शेवटचा पीडीएफ हा भाग गळतो, आणि फोन म्हणतो ही कसली फाइल मला कळत नाही. मला देवनागरी नावंच आवडतात. पण यादीवर पाठवताना मी तारीख इंग्रजी अंकांत घालते.

शंकेखोर : आणि मेलात ‘सोबत जोडलं आहे’ असं लिहिलेलं, पण सोबत काहीच नाही, ते?

कैवारी : त्याची दोन कारणं. एक तर यादीच्या सॉफ्टवेअरला फक्त मजकूर येऊ दे असं सांगून ठेवलेलं असतं. ते अटॅचमेंट काढून टाकतं आणि उरलेला मेल पुढं सोडतं. सेटिंग करणाऱ्यानं व्हायरसच्या भीतीनं केलेलं असतं, पाठवणाऱ्याला पत्ता नसतो. दुसरं, आउटलुकवरून पाठवलेल्या काही मेलांत सगळ्या फाइली विनमेल डॉट डॅट नावाच्या एका गाठोड्यात बांधल्या जातात आणि आउटलुक नसलेल्याला ते गाठोडं सोडता येत नाही. पाठवणाऱ्यानं मेल साध्या मजकुराचा किंवा एचटीएमएलचा ठेवला की गाठोडं होत नाही.

शंकेखोर : बरं, मजकूर अंगात लिहिला. पण चित्राचं काय करता? गुलाबी बोंडअळीचं वर्ष आठवा, 2017. कपाशीच्या शेतात डोमकळ्या दिसत होत्या आणि कैक जणांना माहीत नव्हतं की ही डोमकळी म्हणजे आत अळी आहे. दहा ओळी वर्णनापेक्षा एक फोटो जास्त सांगतो. तुम्ही म्हणाल लिंक देते. लिंक उघडायला त्या क्षणी नेटवर्क लागतं. डोंगराकडच्या शेतात उभं राहून लिंक उघडून दाखवा. अटॅचमेंट एकदा उतरवून घेतली की शेतात, पावसात, रेंज नसताना उघडते. आणि लिंक सहा महिन्यांनी मरते. मेल पेटीत राहतो. मी अटॅचमेंटच्या बाजूनं बोलतोय असं समजू नका. पण तुम्ही सगळं हलकं करायला निघाल्या आहात आणि ज्याला रेंज नाही त्याच्या वाट्याचं काढून घेताय.

कैवारी : हे मला मान्य आहे, आणि यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. फोटो लहान करून, शंभरेक केबीचा, मेलात जोडावा आणि यादीची मर्यादा त्या हिशोबानं वाढवावी, इथपर्यंत मी आले आहे. डोमकळी ओळखायला तेवढा पुरतो. पानावरचे ठिपके दाखवायचे असतील तर पुरत नाही. तेव्हा लिंक द्यावी लागते आणि तुम्ही म्हणता तसा कुणीतरी मागं राहतो.

शंकेखोर : आता यादीतून नाव खोडण्याचं बोलू. तुमचं सॉफ्टवेअर परत आलेले मेल मोजतं आणि माणसाला यादीतून काढतं. कुणाला न विचारता. हे मला सहन होत नाही.

कैवारी : कसं मोजतं ते आधी सांगते, मग रागवा. मेलमॅनमध्ये पक्का नकार आला की त्या पत्त्याला 1 गुण, एका दिवसात फार तर एकच. 5 गुण झाले की त्या पत्त्यावर पाठवणं थांबतं. सात दिवस एकही मेल परत आला नाही तर आधीचे गुण रद्द. थांबवल्यावर आठवड्याच्या अंतरानं तीन सूचना जातात. तरी काही उत्तर नाही तर नाव निघतं. हे सगळे आकडे बदलता येतात, पण पुष्कळ याद्या मूळ आकड्यांवरच चालतात.

शंकेखोर : मग हिशोब करा. आपल्या भागातली कितीतरी घरं दसरा झाला की ऊसतोडीला जातात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. घराला कुलूप. फोन एकाकडे, तो फोटोंनी भरलेला, पेटी भरलेली. तुमचा मेल मंगळवारी आणि शुक्रवारी जातो, म्हणजे सात दिवसांची सवलत त्याला कधी मिळतच नाही. पहिला मंगळवार एक, शुक्रवार दोन, मंगळवार तीन, शुक्रवार चार, तिसरा मंगळवार पाच. चौदा दिवसांत पाठवणं बंद. पुढं तीन आठवडे सूचना. दिवाळी झाल्यावर थोड्याच दिवसांत त्याचं नाव यादीतून गेलं. एप्रिलमध्ये तो परत येतो, व्हिडिओ पुसतो, पेटी मोकळी होते. जूनमध्ये पेरणी आली तरी सल्ला येत नाही. तो समजतो, विद्यापीठानं पाठवणं बंद केलं. आणि त्या तीन सूचना तुम्ही कुठं पाठवल्या? जी पेटी भरली म्हणून परत येतेय, त्याच पेटीवर! सही नाही, शेरा नाही, शेजाऱ्याला विचारणं नाही.

कैवारी : सूचनांचं तुमचं म्हणणं खरं आहे. एखादी पेटी मध्येच मोकळी झाली तर ती सूचना पोचते, एवढाच तिचा उपयोग. आणि तुमच्या हिशोबाची दुसरी बाजूही ऐका, ती अजून वाईट आहे. यादी महिन्यातून एकदा मेल पाठवत असेल, समजा एखाद्या मासिकाची, तर दोन मेलांमध्ये सात दिवसांहून जास्त अंतर पडतं आणि गुण दरवेळी नव्यानं एकापासून सुरू होतात. पाच कधी होतच नाहीत. तिथं वर्षानुवर्षं मेलेले पत्ते यादीत राहतात. म्हणजे तेच आकडे एका यादीत ऊसतोड्याला पाच आठवड्यांत बाहेर काढतात आणि दुसरीत बंद पडलेलं खातं कायम ठेवतात. ज्यानं सेटिंग बघितलं नाही त्याच्या हातून दोन्ही होतं.

(संवाद रचणारा म्हणून इथं मधे बोलतो. हा हिशोब मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. यादी किती दिवसांनी बोलते हे ठरवल्याशिवाय परतीचे गुण मोजण्याला अर्थ नाही. तो आकडा सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यानं ठरवू नये, यादी चालवणाऱ्यानं ठरवावा.)

शंकेखोर : मग मोजणंच बंद करा. मेला पत्ता राहिला यादीत तर कुणाचं काय बिघडतं? मेल परत येईल, पुसून टाका.

कैवारी : बिघडतं, आणि बिघडतं ते बाकीच्यांचं. मेल घेणारे मोठे सर्व्हर पाठवणाऱ्याकडे बघत असतात. नसलेल्या पत्त्यांवर पुन्हा पुन्हा मेल टाकणारा म्हणजे विकत घेतलेल्या याद्यांवर जाहिराती सोडणारा, असा त्यांचा समज होतो, आणि बहुतेक वेळा तो खरा असतो. काही बंद पडलेले पत्ते तर मुद्दाम सापळा म्हणून चालू ठेवलेले असतात. एकदा आपल्यावर शिक्का बसला की ज्यांचे पत्ते धड आहेत, त्यांचेही मेल स्पॅममध्ये पडतात किंवा 5.7.1 म्हणून परत येतात. फेब्रुवारी 2024 पासून गूगलनं दिवसाला पाच हजारांहून जास्त मेल पाठवणाऱ्यांवर तर बंधनंच घातली : आपली ओळख पटवणाऱ्या तीन तजविजी हव्यात, एका क्लिकवर नाव काढता यायला हवं, तक्रारींचं प्रमाण 0.3 टक्क्यांच्या खाली हवं. आपली यादी एवढी मोठी नाही, पण वारा कुठल्या दिशेनं वाहतोय ते कळतं. म्हणून मी त्या ऊसतोड्यासाठी पाठवत राहिले तर पेरणीच्या तोंडावर बाकी सगळ्यांचा सल्ला अडण्याची भीती आहे. त्याचं नाव ठेवणं ही दया आहे खरी, पण तिचा खर्च दुसऱ्यांच्या शेतावर पडतो.

शंकेखोर : आणि तो शिक्का बसवणाऱ्यांची चूक झाली तर? मला कुणीतरी सांगितलं होतं, याहूनं एकदा असाच नियम बदलला आणि भलत्यांचीच नावं गेली.

कैवारी : हो, एप्रिल 2014. याहूनं जाहीर केलं की आमच्या पत्त्यावरून आलेला मेल आमच्याच सर्व्हरवरून निघालेला नसेल तर तो सरळ नाकारा. यादी काय करते? याहूचा पत्ता असलेल्या सभासदाचा मेल घेते, खाली दोन ओळी जोडते आणि आपल्या सर्व्हरवरून सगळ्यांना पाठवते. जीमेल आणि इतरांनी तो नियमाप्रमाणे नाकारला. यादीच्या सॉफ्टवेअरनं ते नकार त्या निर्दोष सभासदांच्या नावावर गुण म्हणून मांडले. लिहिलं याहूवाल्यानं आणि यादीतून गेले जीमेलवाले. त्यानंतर सॉफ्टवेअरांनी पाठवणाऱ्याच्या जागी यादीचा पत्ता घालण्याची सोय केली. पण तुमचा मुद्दा तिथं सिद्ध झाला हे मी मानते. मशीनला नकार दिसतो, नकार कुणामुळं आला ते त्याला दिसत नाही.

शंकेखोर : मग माझं म्हणणं ऐका. नाव खोडणं हे काम मशीनला देऊ नका.

कैवारी : देत नाही. मी दोन गोष्टी वेगळ्या करते. पाठवणं थांबवणं मशीननं करावं, लगेच करावं, त्यात बाकीच्यांचं हित आहे. सभासदत्व मात्र मशीननं काढू नये. थांबलेल्यांची वही वेगळी असावी. प्रत्येक पत्त्याशेजारी एक फोन नंबर, तोही जमला तर घरातल्या दुसऱ्या माणसाचा. महिन्यातून एकदा त्या वहीतल्या प्रत्येकाला फोन लागला पाहिजे. 5.2.2 असेल तर पेटी मोकळी करायला सांगायचं. 5.1.1 असेल तर नवा पत्ता विचारायचा. ऊसतोडीला गेलेल्यांच्या नावापुढं तसं लिहून ठेवायचं आणि मे महिन्यात पुन्हा पाठवून बघायचं. मशीनला ही सवड देता येते. सूचनांची संख्या वाढवली, आठवड्याचं अंतर महिन्याचं केलं, की नाव हंगामभर टिकतं.

शंकेखोर : फोन करणारं माणूस कोण, ताई?

कैवारी : सध्या मी.

शंकेखोर : सध्या. आमच्या पोस्टमनला त्या एका ओळीच्या शेऱ्यासाठी सरकार पगार देत होतं. दारापर्यंत जाणं हे त्याच्या कामात लिहिलेलं होतं. तुमच्या ई-मेलला लोक फुकट म्हणतात, कारण त्यातून तेवढं माणूस वगळलेलं आहे. ते तुम्ही स्वतःच्या वेळातून भरून काढताय. उद्या तुम्ही सासरी, माहेरी, दवाखान्यात, कुठंही असाल, तर वही तशीच पडेल आणि मशीन आपले पाच गुण मोजत बसेल. मी तुमच्या पद्धतीच्या विरोधात राहिलेलो नाही. परत आलेल्या मेलात माहिती असते हे मला पटलं. सल्ला अंगात लिहावा, फोटो लहान जोडावा, हेही पटलं. पण कुणाला थांबवायचं हे ठरवणाऱ्या मशीनला हप्त्याहप्त्याचं वेळापत्रक आहे आणि त्याला पुन्हा आत घेणाऱ्या माणसाला वेळापत्रक नाही, पगार नाही, बदली माणूस नाही. तुम्ही यादी म्हणता तिचा हा अर्धाच भाग आहे.

कैवारी : आणि दुसरा अर्धा भाग उभा राहीपर्यंत पहिलाही बंद ठेवायचा का? मंगळवारी ज्यांना पोचतं त्यांनी थांबावं का?

शंकेखोर : नाही, चालू ठेवा. पण जिथं जिथं अशी यादी निघेल, तिथं ती सुरू करणाऱ्यांना माझं सांगणं आहे : सर्व्हरचा खर्च मांडता त्याच कागदावर फोन करणाऱ्याचे तास आणि त्याचं मानधन मांडा. ते मांडायची तयारी नसेल, तर नावं आपोआप काढण्याचं सेटिंग आधी बंद करा आणि मगच पहिला मेल सोडा.